धुराचा मेघ

अलीकडे संगणकाच्या वापरापासून होणाऱ्या पर्यावरणहानीसंबंधीं मराठींत बरेंच लेखन होऊं लागलें आहे. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, शाळांतून वाटलीं जाणारीं पत्रकें, मोबाइलवर फिरणारे उपदेश आणि कार्यालयीन पत्रांच्या तळाशीं छापलेली ती सुप्रसिद्ध ओळ, अशीं या लेखनाचीं नाना रूपें आहेत. विषय महत्त्वाचा आहे आणि लेखकांचा हेतुहि निर्मळ आहे. परंतु हेतु निर्मळ असला म्हणजे लेखन परीक्षणांतून सुटतें असें नाहीं. उलट जें वाचून माणसें आपली वागणूक बदलतात, त्याचें परीक्षण अधिक कसोशीनें झालें पाहिजे. हें लेखन वाचून सुशिक्षित गृहस्थ करतो काय? तो जुनीं पत्रें पुसून टाकतो, पडद्याचा उजेड कमी करतो, आणि मनाला बरें वाटल्यावर दिवाळींत नवा लॅपटॉप घेऊन येतो. ज्या उपदेशाची परिणति अशी होते, त्यांत मुळांतच कांहीं तरी बिघडलेलें असलें पाहिजे. आमच्या मतें तो बिघाड आधीं भाषेंत आहे आणि मग हिशेबांत.

भाषेपासूनच आरंभ करूं. या सबंध वाङ्मयांतील मध्यवर्ती शब्द ‘क्लाउड’ हा होय. आमचे फोटो क्लाउडवर असतात, परीक्षांचे निकाल क्लाउडवर असतात, बँकेचीं खातीं क्लाउडवर असतात. केंद्र सरकारानें तर आपल्या यंत्रणेस ‘मेघराज’ असें भारदस्त नांव दिलें आहे. मात्र हा शब्द कवीच्या घरीं जन्मलेला नाहीं. संगणकांच्या जाळ्याचे आराखडे काढणारे अभियंते, ज्या भागाची आंतली रचना दाखविण्याचें प्रयोजन नसे तेथें, ढगाची वळणदार आकृति काढून मोकळे होत. ‘येथें कांहीं तरी आहे, पण तें काय याची तूर्त चौकशी नको’ एवढाच त्या आकृतीचा अर्थ. २००६ च्या सुमारास व्यापाऱ्यांनीं ती आकृति उचलली आणि जें चौकशीपुरतें झांकलें होतें तें कायमचेंच झांकून टाकलें.

या शब्दाला लोक रूपक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. रूपकांत उपमेयावर उपमानाचा आरोप होतो खरा, परंतु उपमेय डोळ्यांपुढून नाहींसें होत नाहीं. मुखचंद्र म्हटल्यावर मुख तेथेंच राहतें. ज्या अलंकारांत प्रकृत वस्तूचा निषेध करून दुसरीचीच स्थापना केली जाते, त्याला आमच्या शास्त्रकारांनीं अपह्नुति असें नांव दिलेलें आहे. ‘हें मुख नव्हे, हा चंद्रच’ हा तिचा सांचा. ‘हें यंत्रांचें कोठार नव्हे, हा मेघ आहे’ असें जेव्हां व्यापारी म्हणतो तेव्हां तो रूपक करीत नाहीं. तो अपह्नुति करतो. काव्यांतल्या अपह्नुतींत वाचकास लपविलेली वस्तु ठाऊक असते, म्हणून त्याला लपविण्याची मौज वाटते. येथें ग्राहकाला ती ठाऊकच नसते. अर्थात् मौज एकट्या व्यापाऱ्याची.

कालिदासानें हें कसें हाताळलें तें पाहण्यासारखें आहे. मेघ हा धूर, तेज, पाणी आणि वारा या जड वस्तूंचा बनलेला आहे हें तो ‘मेघदूता’च्या आरंभींच वाचकाच्या पदरीं घालतो, आणि मगच यक्षाच्या वेडाला वाट करून देतो. त्यामुळें वाचक यक्षाबरोबर रमतो, पण फसत नाहीं. आमच्या नव्या मेघकारांनीं वेड तेवढें उचललें, साहित्याची यादी मात्र गाळली. आश्चर्य असें कीं, तीच यादी त्यांच्याहि मेघाला शब्दशः लागू पडते. या दुसऱ्या मेघाचा ठावठिकाणा आकाशांत शोधावयाचें कारण नाहीं. कसारा घाट उतरून ठाण्याकडे गेलें आणि खाडी ओलांडली कीं ऐरोली, रबाळें, महापें असा पट्टा लागतो. भारतांतील संगणक-कोठारांचा सर्वांत मोठा वाटा मुंबईच्या याच परिसरांत आहे. अजस्र इमारतींत हजारों संगणक मांडून ठेवलेले असतात. ते रात्रंदिवस चालतात आणि रात्रंदिवस तापतात. त्यांना निवविण्यास वारा लागतो, पुष्कळ ठिकाणीं पाणी लागतें. त्यांना जागें ठेवण्यास वीज लागते, आणि महाराष्ट्रांत वीज म्हटली कीं अजूनहि मुख्यत्वेंकरून दगडी कोळसा. म्हणजे धूर आलाच.

पंचवटीकरांना तर या धुराची ओळख करून घ्यावयास नव्या मुंबईपर्यंत जाण्याचीहि गरज नाहीं. नाशिकरोडच्या पलीकडे एकलहरें येथें १९७९ ते १९८१ या काळांत २१० मेगावॅटचे ३ संच उभे राहिले. कोळसा दुरून आगगाडीनें येतो, पाणी गोदावरीच्या खोऱ्याचें असतें, आणि राख उरते ती येथल्याच शिवारांत. (कोणाच्या दिव्यांत कोणती वीज आली हें तारेवरून ओळखतां येत नाहीं; तेवढी सूक्ष्मता आम्ही सोडून देतों.) हल्लीं रामकुंडावर पित्याचें क्रियाकर्म चाललें असतां परदेशीं असलेला मुलगा कोणा आप्ताच्या हातांतील पडद्यावर हजर असतो. आम्ही त्याला नांवें ठेवीत नाहीं. विमानानें येण्यापेक्षां ही हजेरी कितीतरी हलकी आहे. परंतु ती हजेरी निराकार नव्हे. तिच्यामागें कोठें तरी एक भट्टी पेटलेली आहे, आणि तें सांगणें हें लेखकाचें काम आहे.

एवढें म्हटल्यावर प्रमाणाचाहि विचार केला पाहिजे, नाहीं तर आम्हीहि त्याच घाबरवणाऱ्या मंडळींत जाऊन बसूं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील सर्व संगणक-कोठारांनीं मिळून सुमारें ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्क्याच्या आसपास. २०३० पर्यंत हा आंकडा ९४५ अब्जांच्या घरांत जाईल असें तीच संस्था म्हणते. दीड टक्का म्हणजे जगबुडी नव्हे. पण सहा वर्षांत दुप्पट होणारी कोणतीहि भूक दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

आतां पत्राच्या तळाशीं असलेली ती ओळ. हें पत्र छापूं नका, झाडें वाचवा, अशा आशयाची ती असते आणि तिच्या शेजारीं बहुधा एक हिरवें पान काढलेलें असतें. लघुत्वाच्या दृष्टीनें हा वाङ्मयप्रकार सुभाषिताच्या जवळचा आहे. सत्याच्या दृष्टीनें मात्र नाहीं. आमच्याकडचा कागद बराचसा रद्दीचा, उंसाच्या चिपाडाचा, बांबूचा किंवा मुद्दाम लावलेल्या लांकडाचा असतो. छापावयाच्या नेहमींच्या कागदाचा एक ताव ५ ग्रॅम वजनाचा, आणि त्याच्या निर्मितींत बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ढोबळ मानानें तितकाच. उलट ३० वॅटचा लॅपटॉप तासभर उघडा ठेवला तर, भारतांत एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो या हिशेबानें, २१ ग्रॅम होतात. म्हणजे तासाभराचें पडद्यावरचें वाचन हें चार तावांच्या बरोबरीचें. दोन पानांचें पत्र छापूं नये हें ठीकच. परंतु ज्याच्यावर चार दिवस डोळे ताणावयाचे, असें चाळीस पानांचें हस्तलिखित दोन्ही बाजूंनीं छापून वाचणारा मनुष्य झाडांचा वैरी ठरत नाहीं. मोबाइलवर वाचणाऱ्याचा खर्च याहून पुष्कळ कमी, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. त्या हिरव्या पानाच्या ओळींत यांतलें कांहींच नाहीं. तिला वाचकाची कृति नको आहे, फक्त त्याची मान हलावयास हवी आहे.

हिशेबाचा दुसरा दोष याच्या उलट जातीचा आहे: तो भिववितो. २०१९ सालीं फ्रान्समधील ‘शिफ्ट प्रोजेक्ट’ या संस्थेच्या नांवावर असा आंकडा जगभर गेला कीं, अर्धा तास घरबसल्या चित्रपट पाहिल्यानें १.६ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अभ्यासकानें तो तपासला, तेव्हां तो कित्येक पटींनीं फुगलेला निघाला. जगाच्या सरासरीनें तासाला ३६ ग्रॅमच्या आसपास, असें त्याचें सुधारलेलें गणित. मूळ आंकडा मराठींत आला आणि अजून नांदत आहे. दुरुस्ती आलीच नाहीं. भयाला भाषांतरकार मिळतो, दुरुस्तीला मिळत नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें इंग्लंडांत अवर्षण पडलें तेव्हां तर तेथील सरकारी मंडळीनें पाणी वांचविण्यासाठीं जुनीं ई-पत्रें व जुनीं छायाचित्रें पुसा असा सल्ला नागरिकांस दिला, आणि जाणत्यांनीं त्याची यथेच्छ थट्टा केली. साठवून निपचित पडलेल्या पत्राला पाणी जवळजवळ लागतच नाहीं. तें शोधून पुसण्यांत जो तास जातो त्याला मात्र वीज लागते. त्याच महिन्यांत गूगलनें आपल्या कृत्रिम बुद्धीच्या एका साधारण लेखी प्रश्नोत्तराचा खर्च ०.२४ वॅट-तास असा जाहीर केला. कंपनीनें स्वतःच मांडलेला हिशेब म्हणून तो हात राखूनच वाचावा, आणि यंत्राला शिकवितांना झालेला मोठा खर्च त्यांत धरलेला नाहीं हेंहि ध्यानांत ठेवावें. तथापि एका प्रश्नानें नदी आटते ही भाषा त्यापुढें टिकत नाहीं. जेथें शब्दांऐवजीं चलच्चित्रें घडवून घेतलीं जातात तेथील गोष्ट निराळी व पुष्कळ जड आहे.

मग भार आहे कोठें? तो यंत्राच्या वापरांत जितका आहे, त्याहून अधिक त्याच्या जन्मांत आहे. सिलिकन शुद्ध करणें, त्यावर सूक्ष्म मंडलें कोरणें, निरनिराळे धातु खाणींतून काढून गाळणें, यांत एवढी ऊर्जा जाते कीं, निर्माते स्वतःच्या विवरणपत्रांत एका लॅपटॉपच्या घडणीचा भार साधारण १५० ते ३०० किलो कार्बन डायऑक्साइड देतात. विलायती लेखांत नेहमीं असें येतें कीं, लॅपटॉपच्या सबंध आयुष्यांतील भारापैकीं तीन चतुर्थांश हा घडणीचाच. मराठी लेखक तें वाक्य उचलून आपल्या लेखांत बसवितात, आणि येथें भाषांतराचा एक जुना दोष पुन्हां डोकें वर काढतो: शब्द बदलतात, देश बदलत नाहीं. फ्रान्सची वीज अणूची, नॉर्वेची धबधब्यांची. तेथें वापर स्वस्त पडणारच. आमच्या घरीं रोज ६ तास, वर्षाला ३०० दिवस, ३० वॅटचा लॅपटॉप चालला तर ५४ युनिट होतात, म्हणजे सुमारें ३८ किलो. पांच वर्षांत १९० किलो. अर्थात् नाशिकांत जन्माचा भार व आयुष्याचा भार जवळजवळ सारखे उतरतात. टेबलावरचा जुना संगणक पडद्यासह १०० वॅट खाणारा असेल, तर वर्षाचेच १२६ किलो होतात, आणि तो रात्रभर उगाच चालूं ठेवणें ही खरोखरच चूक ठरते. विलायतींत ज्याला क्षुल्लक म्हणतात तें बटन येथें क्षुल्लक नाहीं. आमच्या देशाचा हिशेब आमच्याच कोळशानें मांडला पाहिजे, एवढी साधी गोष्ट या लेखांतून कोणी सांगत नाहीं. (दीड टनाचें वातानुकूलन यंत्र तासाला दीड युनिट घेऊं शकतें, म्हणजे लॅपटॉपचे पन्नास तास. ‘हरित संगणन’ या विषयावरचीं व्याख्यानें बहुधा अशाच थंड सभागृहांत होतात.)

या हिशेबानें घरांतल्या एका प्रश्नाचें उत्तर मिळतें. चालता संगणक टाकून नवा घ्यावा काय? पांच वर्षांचें यंत्र आठ वर्षें वापरलें, तर जन्माचा भार दर वर्षीं तीन अष्टमांशानें कमी होतो. इतकी बचत पत्रें पुसून सात जन्मांत होणार नाहीं. फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी बसविणें, स्मृतीची एखादी पट्टी वाढविणें, बॅटरी बदलणें, हीं कोणत्याहि गल्लींतल्या दुरुस्तीवाल्याचीं कामें आहेत. परंतु येथेंहि भाषा आड येते. ‘आमचा संगणक जुना झाला’ असें आपण म्हणतों. या वाक्यांत कर्ता संगणक आहे आणि क्रिया आपोआप घडलेली आहे. जणु केंस पिकावे तसा तो पिकला. खरें क्रियापद प्रयोजक आहे: तो जुना ‘ठरविला गेला’. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. वेगळी नोंदणी करणाऱ्यांस आणखी एका वर्षाची सवलत ठेवली. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम नांवाची विशिष्ट सुरक्षा-चकती लागते आणि साधारण २०१८ च्या अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें जे संगणक त्या सकाळीं उत्तम चालत होते ते संध्याकाळपर्यंत जुने झाले. एक तार तुटली नाहीं, एक खिळा गंजला नाहीं. पर्यावरणावरील मराठी लेखनांत या घटनेला जितकी जागा मिळावयास हवी होती तितकी आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. पडद्याचा उजेड कमी करण्याच्या सल्ल्याला मात्र रकाने मिळतात. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणालि विनामूल्य चालते. सी-डॅक या सरकारी संस्थेनें तिच्यावर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणालि भारतीय भाषांसाठीं तयार केलेली आहे, आणि केरळांतील सरकारी शाळांनीं मुक्त प्रणालीवर सबंध शिक्षणाचा गाडा चालवून दाखविला आहे. आमच्या महाविद्यालयांतून मात्र खोलीभर चालते संगणक एका फटक्यांत मोडींत काढणें हें अजूनहि प्रगतीचें लक्षण समजलें जातें, आणि त्याचें छायाचित्र वार्षिक अहवालांत येतें.

मोडींत काढल्यावर तीं यंत्रें जातात कोठें? रामकुंडाच्या अस्थिविलय तीर्थांत अस्थि विरून जातात अशी पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा आहे. संगणकाच्या अस्थि विरत नाहींत. शिसें, पारा, कॅडमियम हे धातु मातींत उतरले म्हणजे तेथेंच राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणें २०२२ सालीं जगांत ६.२ कोटी टन विद्युत्-कचरा निघाला आणि त्यांतील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आल्याची नोंद आहे. आमच्याकडे यासाठीं २०११, २०१६ व २०२२ असे तीन वेळां नियम झाले. शेवटचे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनीं उत्पादकावर जबाबदारी टाकलेली आहे. नियमांचें गद्य स्वच्छ आहे. पण जोंवर भंगारवाला दारीं येऊन रोख पैसे मोजतो आणि अधिकृत केंद्र नुसती पावती देतें, तोंवर गृहिणी काय करील हें सांगावयास पाहणीची जरुरी नाहीं. पुढें तांब्यासाठीं तारा जाळल्या जातात आणि सोन्याच्या कणासाठीं पाट्या आम्लांत बुडविल्या जातात. तें काम करणाऱ्या हातांवर लिहिलेला एकहि चांगला मराठी निबंध आमच्या वाचनांत नाहीं. कथालेखकांनाहि हें क्षेत्र अद्याप सुचलेलें दिसत नाहीं.

शेवटीं, आमच्या वाङ्मयाच्या अगदीं जवळचा एक प्रकार. सकाळीं सहाच्या ठोक्याला मोबाइलवर सुविचार येऊं लागतात: सूर्योदय, गुलाब, वाफाळलेला चहा, आणि त्यावर कोणा थोर पुरुषाच्या नांवानें खपविलेलें वाक्य, जें त्यानें बहुधा कधींच म्हटलेलें नसतें. वाक्य पन्नास-साठ अक्षरांचें. संगणकाच्या सध्यांच्या युनिकोड पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला साधारणतः ३ बाइट लागतात, म्हणजे वाक्याचें वजन दोनतीनशें बाइट. चित्राचें वजन सहज लाख-दीड लाख बाइट. एका चित्राच्या प्रवासाला वीज फारशी लागत नाहीं, हें आम्ही वर ज्या न्यायानें बोललों त्या न्यायानें येथेंहि मान्य केलें पाहिजे. हानि दुसरीकडून होते. हीं चित्रें प्रत्येक हातांतल्या यंत्रांत सांचतात. २०१८ च्या सुमारास गूगलच्या अभियंत्यांच्या ध्यानांत आलें कीं, भारतांतील फोन वरचेवर गुदमरण्याचें एक मोठें कारण हीं सुप्रभातें आहेत, आणि तीं शोधून काढण्याची सोय त्यांनीं आपल्या साधनांत केली. फोन गुदमरला कीं ‘जागा संपली’ असें होतें, आणि जागा संपली कीं नवा फोन येतो. अशा रीतीनें गुलाबाचें फूल खाणीपर्यंत जाऊन पोंचतें.

परंतु मराठी माणूस अक्षरांऐवजीं चित्रें कां पाठवूं लागला? हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. १९९१ सालीं ‘इस्की’ हें भारतीय लिप्यांचें प्रमाण ठरलें होतें आणि त्यांत एका चिन्हाला एकच बाइट पुरत असे. पण छपाईच्या धंद्यांत ज्याचा त्याचा टंक निराळा राहिला. एकाच्या संगणकावरचें ‘नमस्कार’ दुसऱ्याच्या संगणकावर वेड्यावांकड्या खुणांचें होई. तेव्हां अक्षरें सुखरूप पोंचवावयाचीं तर त्यांचा फोटो काढून पाठविणें हाच शहाणपणा होता. युनिकोडनें ती अडचण दूर होऊन वर्षें लोटलीं, संवय मात्र राहिली. विवाहपत्रिका, सभेच्या सूचना, कविता, सारें कांहीं चित्र. जुन्या मासिकांच्या ज्या फायली जालावर आल्या आहेत त्यांतील पुष्कळ भागहि छायाचित्रांच्याच रूपांत आहे. मूळ छपाईचा पुरावा म्हणून तीं छायाचित्रें हवींतच, पण त्यांत शब्द शोधतां येत नाहीं, अंधास तीं वाचून दाखवितां येत नाहींत, म्हातारपणीं अक्षर मोठें करावें तर डागच मोठे होतात. १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांच्या कपाटांत जें आहे तें छायाचित्राबरोबर अक्षररूपानेंहि उतरवून ठेवावें, अशी आमची ग्रंथप्रेमी मंडळीला सूचना आहे. काम कंटाळवाणें आहे. त्याला माणसें लागतात, मुद्रितशोधक लागतात, पैसा लागतो. मात्र तें करावयास नवीं यंत्रें लागत नाहींत. गेल्या ऑक्टोबरांत जुने ठरविलेले संगणक त्यासाठीं पुरेसे आहेत. हा प्रस्तुत लेखच अक्षररूपानें चाळीस हजार बाइटांच्या आसपास भरेल. सकाळच्या एका गुलाबांत असे तीन लेख मावतात.